बदलीची बाई

सोमवार

घरोघरी म्हाताऱ्यांचं करणाऱ्या लेकींनो, सुनांनो! आपल्याला रजा कुणी दिली? आजारी पडायचीसुद्धा चोरी! म्हणून तर मी रुग्णसेवेच्या संस्थेत बदलीची बाई झाले. आठवडाभर एखाद्या घरी राहायचं, तिथल्या लेकीला मोकळं सोडायचं. (हे पुढे सभेत वाचून दाखवीन, म्हणून हा थाट.)

घर छान आहे. हवेशीर खोली, धुतलेल्या चादरी, गोळ्यांच्या डब्या ओळीने मांडलेल्या. बाबांना विसरण्याचा आजार. लेक कित्येक वर्षांत उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. बॅग तिने आधीच भरून दारात ठेवली होती. बाबा मला विचारत राहिले, तू माझीच लेक ना? अशा पेशंटशी वाद घालायचा नाही, हा आमचा शिरस्ता. म्हटलं, हो बाबा, मीच. लगेच जेवले. दारातून पाहणारी लेक रडता रडता हसली आणि चक्क पळत सुटली.

मंगळवार

शेजारीण मला ताई म्हणाली. काल आलेली बदलीची बाई टिकली नाही वाटतं, असं विचारून गेली. थट्टेखोर दिसते.

बुधवार

घरी फोन केला. माझ्या छकुलीने उचलला. आई स्वयंपाक करतेय म्हणाली. अगं सोन्या, मीच आई, म्हटलं. तिने फोन ठेवून दिला.

गुरुवार

संस्थेतल्या मॅडम म्हणाल्या, ताई, तुमच्या बाबांसाठी बाई शोधतोय, धीर धरा. मी ओरडले, ती बाई मीच! त्या म्हणाल्या, फार थकलात हो तुम्ही.

शुक्रवार

घरी गेले. दार तिने उघडलं — बाबांच्या लेकीने. अंगात माझा गाऊन. मागून छकुली विचारत होती, आई, या मावशी कोण? नवऱ्याने परक्यासारखे हात जोडले. ती माझ्या कानाशी कुजबुजली, मीही त्यांची लेक नव्हे गं, मीही आठवड्यासाठीच आले होते.

पाय आपोआप इकडेच वळले —

शनिवार

बाबा मनगट सोडत नाहीत. हसतात. काहीच विसरलेले नाहीत ते —

रविवार

उद्या नवी बाई येणार. फोनवर बोलली. घरी तान्हं बाळ आहे म्हणे, पण आठवडाभर कसंही निभावेन, म्हणाली. तिला सांगायला हवं — येऊ नकोस —

छकुली त्या बाईला आई म्हणते.

बायांनो, क्षमा — नको, क्षमा नको, मला सुटका हवी! बाई गं, तू ये. बाबा अगदी शांत आहेत. विचारतील तेव्हा वाद घालू नकोस, नुसतं हो म्ह—