सुदेशचे पाढे

११ जून
आज सुदेशने बेचा पाढा म्हटला. सगळा! स्ट्रोकपासून पाणी मागता येत नाही, मला हाक मारता येत नाही, आणि गडी न अडखळता बे दाहे वीसपर्यंत पोहोचला. स्पीच थेरपीच्या प्राची मॅडम म्हणाल्या, "पाठ केलेलं सहज येतं कधीकधी. मनातलं बोलणं अवघड." मराठी शाळेचे उपकार म्हणायचे.
पण मला त्याच्या मनातलंच हवंय. एखादाच शब्द. शिवीसुद्धा चालेल.

१४ जून
सकाळी चहा उतू गेला. टेबलापाशी बसून सुदेश — "बे त्रिक सहा," अगदी 'लक्ष कुठंय तुझं'च्या सुरात. मी म्हटलं, "बे चोक आठ, मग तूच पूस ओटा." हसला. अर्ध्या तोंडाने.
नंतर कपडे वाळत घालताना डोळे भरले. सूर तोच आहे त्याचा. नवऱ्याची आठवण येते मला, आणि तो तर समोरच बसलेला असतो.

२० जून
फेब्रुवारीतली ती दुपार आज परत डोक्यात. मी कोपरीला शाळेत शिकवत होते. इथे ठाकुर्लीला घरात सुदेश आणि सासूबाई. त्याचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. सासूबाई त्यांच्या गावी म्हणतात तेच म्हणाल्या — अंगावरून वारं गेलं. आणि वारं गेलं की तेल गरम करून चोळायचं, माणसाला निजवायचं. संध्याकाळी मी दार उघडलं तर घरभर लसणाच्या तेलाचा वास.
हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "फार उशीर झाला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं." सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यावर घरात आम्ही कधीच बोललो नाही. भाजी चिरताना, भांडी लावताना, ते आमच्या दोघींच्या मध्ये असतं.

२९ जून
डोंबिवलीला स्ट्रोकमधून उठलेल्यांचा गट महिन्यातून एकदा जमतो. सासूबाईही हट्टाने आल्या. विश्रामकाका म्हणून एक आहेत, दीड वर्षाने बोलायला लागले. उठून म्हणाले, "बायको म्हणते, गप्प होतात तेच बरं होतं." सगळे हसले, सुदेशही. मला त्या बायकोचा हेवा वाटला.
मग प्राची मॅडम बोलल्या. "वारं म्हणू नका. वारं म्हटलं की माणूस ते ओसरायची वाट बघत बसतो. ही मेंदूची नस अडलेली असते. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड — यातलं एक जरी दिसलं तरी चोळाचोळ नाही. थेट सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल."
रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी चोळत बसले गं." मी त्यांचा हात धरला.

३ जुलै
आज तीनचा पाढा. तीन दाहे तीस. बाकी काही नाही.

८ जुलै
स्वप्नात त्याने मला नाव घेऊन हाक मारली. जागी झाले तर आवाज आठवेना.

९ जुलै
हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. सकाळी पोळ्या लाटत होते. मागून सुदेश ओरडला, "आई!" शब्द! वळले तर तो माझ्याकडे बघतच नव्हता. सासूबाईंच्या उजव्या हातातला कप कलला होता, ओठाच्या कोपऱ्यातून चहा ओघळत होता. "आई. तोंड," तो म्हणाला.
गॅस बंद केला आणि तशाच कणकेच्या हातांनी दोघांना घेऊन निघाले. इंजेक्शन देऊन झालंय. सासूबाई उजवा हात परत हलवतायत.
डॉक्टरांनी विचारलं, "लगेच आणलंत, बरं केलंत. लक्षात कोणाच्या आलं?"
मी सांगायच्या आत सुदेश म्हणाला, "मी."