भुशाचा पडदा

प्रिय दादा,

नव्या बॅटरीच्या शोधासाठी झालेल्या तुझ्या सत्काराला मी आले होते. बाबांना घेऊन मागच्या रांगेत बसले, म्हणून तुला दिसले नसेन. बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, कानामागची पेन्सिल मात्र तशीच राहिली होती. तू व्यासपीठावरून म्हणालास, "वडिलांच्या सुतारखान्यातला भुसा पाहून मला हे सुचलं." बाबांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तू नव्हतीस का गं यात?" मी म्हटलं, होते थोडीशी.

बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज केली की आत धातूच्या बारीक सुया वाढतात आणि मधल्या पडद्याला भोकं पाडतात, त्यापायी तू हात टेकले होतेस. भुशातला तो तपकिरी पदार्थ, लिग्निन, वेगळा काढून पडद्याला त्याचा थर द्यायचं माझ्या डोक्यात आलं. त्यासाठी आईची दोन पातेली जाळली आणि तिची बोलणीही खाल्ली. सुया पहिल्यांदा पडद्याशीच अडल्या, तेव्हा तू मला उचलून गिरकी घेतलीस. "आपण दोघांनी केलं, ठमे," म्हणालास. पुढे बॅटरी बनवणाऱ्या कंपनीच्या बैठकीला तू एकटाच गेलास. मी बाळंतपणात होते. वाटलं, दादा आहे ना. पण कागदांवर तू एकट्याचंच नाव घातलंस. परक्याने केसाने गळा कापला असता तर मी कडाकडा भांडले असते. तुझ्याशी कसं भांडायचं तेच कळेना. वहिनीने फोन करून माझंही अभिनंदन केलं. माझं नाव वगळल्याचं बिचारीला तू सांगितलेलं दिसत नाही.

पण रडगाणं गायला बसलेले नाही. तुमची नवी बॅटरी मी बाजारातून आणली, महिनाभर आमच्या प्रयोगशाळेत चालवली आणि उघडली. थर सावकाश वाळवायचा सोडून तुम्ही भट्टीत झटपट वाळवलाय. त्याला तडे गेलेत आणि त्यांतून सुया आरपार निघाल्यात. ही बॅटरी कुणाच्या तरी घरात पेट घेईल, दादा. सोमवारच्या आत तू स्वतः कंपनीला सांगून माल परत मागव. नाहीतर मी जाऊन सांगेन, मग तुझं नाव गेलं तरी. हे तुला आधी कळवतेय, कारण आपल्या माणसाच्या पाठीमागे काही केलं की त्याला काय वाटतं, ते मला आता ठाऊक आहे.

तुझीच,
धाकटी