पांढरा फडका

माय, तुझा तो ओला पांढरा फडका अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. वणीच्या रस्त्याकडेच्या आपल्या घरी तू तो पहाटे तारेवर टाकायचीस. चहा होईस्तोवर काळा पडला की हवा वाईट. दुपारी कोळशाच्या ट्रकांची रांग विरळ होई, आभाळ निळं निघे आणि फडका पांढरा राही. तुला दमा होता. कापसाला भाव नव्हता, वेचायला बाया लावणं परवडत नव्हतं, म्हणून आपलं शेत तू एकटीच वेचत होतीस. मी कॉलेजात विज्ञानाला होते, नव्यानेच शहाणी झालेली. सकाळी दारं लावून घरात बसायचं आणि वेचायला दुपारीच जायचं, हे तुझं वेळापत्रक मी ठरवलं.

चार दिवसांतच तू म्हणालीस, "दुपारीच जास्त दाटते वं छाती. सकायीच जातो ना मी."

मी तारेवरचा फडका ओढून तुझ्या तोंडापुढे धरला. "पाह्य, कुठी हाय काळं? कामाचा कंटाया आला असन तं तसं सांग."

शेजारची काकू दारात उभी होती. मास्तरीणबाईनं सुट्टी नाही देल्ली वाटते, म्हणून हसली. तूही हसलीस, कापूस वेचायची ओटी कमरेला बांधलीस आणि निघालीस. मी सावलीत प्रॅक्टिकलची वही लिहायला बसले. शेवटच्या वेचणीला तू ओळीतच पडलेली सापडलीस, श्वास थांबलेला, ओटी अर्धी भरलेली. वर आभाळ एकदम स्वच्छ. घरी तारेवरचा फडका पांढराच होता.

आता मी हवा मोजणाऱ्या केंद्रातल्या नोंदी तपासते. गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. त्याला रंग नाही, तो फडक्यावर बसत नाही. सकाळी आलेखावर त्याची रेघ खाली असते, निळ्या दुपारी चढत जाते. त्याची सुरक्षित मर्यादा ठरलेली आहे, एका तासाची वेगळी, आठ तासांच्या सरासरीची वेगळी. आपल्या शेतात तेव्हा यंत्र नव्हतं, म्हणून त्यानेच तुला नेलं असं मला कुठे लिहिता येत नाही. वेळ मात्र तुझ्या छातीनं बरोबर सांगितली होती.

हे पत्र माझ्या नोंदवहीतच राहील. तेव्हा आपल्या गावात ओझोनचं कुणालाच माहीत नव्हतं, असं मी लोकांना सांगते, आणि ते खरंही आहे. पण फडका धरून तुला बोलत होते तेव्हा तुझ्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत होती, माय. तू घरी थांबली असतीस तर वेचायला मला जावं लागलं असतं, आणि वही पुरी व्हायची होती, म्हणून मी ऐकू न आल्यासारखं केलं.