आईची पहार

दादा,

स्टेशनच्या उद्याच्या समारंभाचं निमंत्रण मिळालं. त्यात स्टेशनच्या इतिहासात छापलंय, कारखान्याकडचं दार तुझ्या कारकिर्दीत झालं. वा रे वा! मैलभर वळसा घालण्यात गाडी चुकायची, म्हणून आईने आणि कारखान्यातल्या तिच्या पाळीच्या बायकांनी तिथली भिंत पहारीने फोडली. तू तेव्हा इथला स्टेशनमास्तर. ते भगदाड तूच दोनदा बुजवलंस, वर आईशी बोलणंही टाकलंस. ती म्हणायची, "बुजवू दे त्याला. माझे हात अजून शाबूत आहेत." तिसऱ्यांदा तिने फोडलं, तेव्हा कुठे तिथे दार बसलं.

हे पत्र मी टाकणार नाही. तू गोड बोलशील आणि मी नेहमीसारखी विरघळेन. उद्या तू खुशाल फीत काप. मी पहिल्या रांगेत बसेन, मांडीवर आईची पहार आडवी घेऊन. कुणी विचारलंच तर सांगेन, ही त्या दाराची किल्ली.

तुझीच, पण आधी तिची,
धाकटी