'नाते' या रकान्यातील 'निरंक' खोडून मिळणेबाबत

प्रति,
मा. अर्थसाह्य अधिकारी,
स्वकथा चित्रपट योजना कक्ष,
तिसरा मजला, जिन्यासमोरील खोली.

विषय : मंजूर झालेला दुसरा हप्ता रद्द करून, सहभागी महिलेच्या नोंदीत 'निरंक'ऐवजी 'आई' अशी दुरुस्ती करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची खुलासा मागणारी नोटीस.
२) आपल्याच कार्यालयाचे मागील आठवड्यातील अभिनंदनाचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मंजूर झालेले पैसे नकोत अशी विनंती आपल्या टेबलावर बहुधा प्रथमच येत असावी. ती कोणत्या फायलीत लावावी असा प्रश्न पडल्यास क्षमा असावी. हा अर्ज मी पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे.

१. मी स्वतंत्र चित्रपट दिग्दर्शक आहे. म्हणजे फरश्या, नळ आणि गाद्यांच्या दुकानांच्या जाहिराती करतो आणि त्यातून जे उरेल त्यात स्वतःचा चित्रपट करू पाहतो. उरत काही नाही. सदर चित्रपटाचे नाव 'काज-बटण' असून तो माझ्या आईवर आहे. ती घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. गिऱ्हाईक उंबऱ्यातून आत येईपर्यंत तिने नजरेनेच माप घेतलेले असते. टेप ती केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावते. आता त्या नजरेत मोतीबिंदू उतरला आहे, तरी मशीन चालू आहे. एवढीच गोष्ट. एका निर्मात्याने ती ऐकून, बाई जरा तरुण करता येईल का, असे विचारले. दुसऱ्याने शेवटी तिच्या हातून एखादा खून उघडकीस आणावा असे सुचवले. तिसरा ऐकता ऐकता झोपला, आणि खरे सांगायचे तर तिघांत तोच मला बरा वाटला.

२. अशा स्थितीत आपली योजना म्हणजे बुडत्याला काडीचा आधार होता. योजनेच्या अट क्र. ४ नुसार चित्रपट अर्जदाराच्या स्वतःच्या आयुष्यावर असणे बंधनकारक आहे. अट क्र. ११ नुसार अर्जदाराच्या कोणत्याही नातेवाइकाचा त्यात सहभाग नसावा. दोन्ही अटी एकाच पानावर छापलेल्या आहेत, परंतु त्यांची एकमेकींशी ओळख झालेली दिसत नाही.

३. याबाबत मी आपल्या कक्षातील कनिष्ठ लिपिकांकडे विचारणा केली. ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "रकाना रिकामा ठेवू नका, अर्ज परत येतो. 'निरंक' लिहा. सगळे तेच लिहितात." सबब सहभागी महिलेपुढील 'अर्जदाराशी नाते' या रकान्यात मी 'निरंक' असे लिहिले. त्याखाली आईची सही लागत होती. ती एका शर्टाची झिजलेली कॉलर उलटवून शिवत होती. कुठे करू, एवढेच तिने विचारले, मी बोट ठेवले तिथे सही केली आणि पुन्हा कॉलर हातात घेतली. वाचून बघू दे, असे ती म्हणाली नाही. मुलाने आणलेला कागद होता.

४. पहिला हप्ता मिळाला. चित्रीकरण सुरू झाले. तपासणी अधिकारी येऊन झालेले चित्रीकरण पाहून गेले आणि त्यानंतर संदर्भ क्र. १ ची नोटीस आली. त्यांचा आक्षेप असा की, सदर महिला कॅमेऱ्यामागील इसमास "अरे मेल्या, आधी दोन घास खाऊन घे, मग काय ते पिक्चर काढ" असे म्हणते, व "असे संबोधन परक्या इसमास केले जात नाही." निरीक्षण अचूक आहे. माझ्या कामाकडे आजवर इतक्या बारकाईने कोणी पाहिले नव्हते.

५. दुर्दैवाने नोटीस आली तेव्हा मी गाद्यांच्या दुकानात होतो. आईने ती खालच्या मजल्यावरील मावशींकडून वाचून घेतली. मावशी निवृत्त शिक्षिका आहेत आणि काहीही वाचताना शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे वाचतात. "सदर महिलेशी आपले नाते निरंक असल्याचे आपण लिहून दिले आहे" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचले. निरंक म्हणजे काय गं, असे आईने विचारले. म्हणजे काहीच नाही, असे मावशींनी सांगितले. "बरं," एवढे म्हणून आई मशीनवर जाऊन बसली. हे सर्व मला मावशींकडून समजले.

६. त्या दिवसापासून ती मला अहो-जाहो करते. "अहो दिग्दर्शक, चहा ठेवलाय, घ्याल ना?" "अहो, तुमचा शर्ट उसवलाय, शिवून देऊ का? घाई असेल तर उद्या न्या." सुरुवातीस मी ही थट्टा समजून हसलो. ती हसली नाही. बसमध्ये माझे तिकीट तिने काढले आणि पाहुण्याला खर्च नको, असे शेजारच्या बाईंना सांगितले. महोदय, लहानपणी हिच्या हातचा मार मी फूटपट्टीने खाल्ला आहे. तो परवडला.

७. याच सुमारास तपासणी अधिकारी दुसऱ्यांदा आले. आईने त्यांच्यासमोर मला तीन वेळा अहो म्हटले आणि मशीनपासून दूर उभे राहावे अशी विनंती केली. अधिकारी अत्यंत समाधानी झाले. "संबोधन सुधारलेले आहे. नाते आढळून आले नाही," असा अहवाल त्यांनी दिला व त्या बळावर आपण दुसरा हप्ता मंजूर करून माझे अभिनंदन केले. या हप्त्याची मी काही वर्षे चातकासारखी वाट पाहिली आहे. ध्वनिमुद्रक आणि संकलक तर माझ्याहून जास्त. परंतु पत्र हातात घेऊन मी जिन्यातच बसून राहिलो.

८. यानंतर जे घडले त्यामुळे हा अर्ज करणे भाग पडले. आईच्या उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही रुग्णालयात गेलो. संमतीपत्रावर नातेवाइकाची सही लागते. खिडकीतील बाईंनी आईला विचारले, सोबत कोण? "हे? हे दिग्दर्शक आहेत." नाते काय? आईने शांतपणे सांगितले, "निरंक." बाईंनी ते लिहून घेतले. मी मुलगा आहे, मुलगा आहे, असे मी ओरडून सांगितले, तेव्हा मागील रांगेने मला गप्प बसवले. नातेवाईक घेऊन या, असे सांगून शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात आली. तिच्या डोळ्यापुढे दिवसेंदिवस अंधारत चालले आहे आणि ती बाहेर येऊन मला म्हणते, "तुमचा उगाच खोळंबा झाला."

९. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिचे पाय धरले. चुकलो, म्हणालो. तिने पाय काढून घेतले नाहीत, पण निर्णयही बदलला नाही. तिचे म्हणणे जसेच्या तसे देत आहे : "तोंडी नको. लेखी दिलंत ना? लेखीच खोडा. आणि शिक्का मारून आणा." चित्रपटापायी केलं गं, असे मी म्हणालो. त्यावर तिने, "पिक्चर माझ्यावरच होतं ना?" असे विचारले. याचा खुलासा आपल्या कार्यालयाला करता येत असल्यास तोही लेखी मिळावा.

१०. दुरुस्तीचे कनिष्ठ लिपिकांना विचारले असता त्यांनी पुन्हा खुर्ची दिली. 'आई' अशी नोंद केल्यास अट क्र. ११ चा भंग होऊन दुसरा हप्ता रद्द होईल आणि पहिला वसूल केला जाईल, असे ते म्हणाले. थोडे थांबा, हप्ता खात्यात पडू द्या, मग बघू, असाही सल्ला त्यांनी आपुलकीने दिला. त्यांचा मागील सल्ला विचारात घेता मी तो स्वीकारू शकत नाही. दुसरा हप्ता रद्द करावा. पहिला मी गाद्यांच्या जाहिरातींतून फेडीन. चित्रपट राहिला तर राहिला. मला त्याचे वाईट वाटते, फार वाटते, पण ते इथे लिहिण्याची जागा नाही.

११. नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे. रुग्णालयाने पुढील तारीख येत्या सोमवारची दिली आहे, तरी त्यापूर्वी आदेश मिळावा ही कळकळीची विनंती. एक उपविनंती अशी की, आदेशातील 'आई' हा शब्द जरा मोठ्या अक्षरांत टंकलिखित करावा. तो आदेश ती मावशींकडून वाचून घेणार नाही. स्वतः वाचणार आहे, असे तिने सांगितले आहे.

आपला नम्र,
आणि आपली सही झाल्यावर तिचा मुलगा,

(सही)
अर्जदार
दिनांक : आज, गुरुवार