बांधून ठेवलेलं पान

प्रिय सूनबाई,

तू पोचल्याचा निरोप मिळाला. खोली थंड आहे, उशी दगडासारखी आहे, एवढं सविस्तर कळवलंस. प्रशिक्षणाबद्दल मात्र अवाक्षर नाही. एक्स-रेचं नवं यंत्र शिकायला गेली आहेस की उशीवर प्रबंध लिहायला? असो. इथे सगळं ठीक आहे. बटाटे मी स्वतः उकडले. भांडं जळलं नाही. म्हणजे थोडंसं जळलं, पण असं घासून ठेवलं आहे की तुला कळणारसुद्धा नाही. आता कळलंच म्हणा. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन कानाला लागला की मी हवापाण्यावर बोलू लागतो, हे तुला ठाऊकच आहे. कागदावर माझी जीभ सैल सुटते.

संध्याकाळचा आपला कार्यक्रम मी एकट्याने चालू ठेवला आहे. दिवा लावायच्या आधी, उजेड अजून ओट्यावर रेंगाळत असतो तेव्हा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो आणि आज कोणाकोणाचे आभार मानायचे ते आठवतो. सकाळी दूध कोणी आणून ठेवलं? जिना कोणी झाडला? वरच्या मजल्यावरच्या ढोलकाकू, ज्यांच्या पावलांनी आपलं छत हादरतं, त्यांनी वाटीभर सूप आणून दिलं आणि वर "सून गेली तशी तोंडाची चव गेली असेल, नाही का हो?" असा टोमणाही मारला. दोन्ही त्यांच्या नावावर जमा केलं. सूप फारच चांगलं होतं.

हे तूच सुरू केलंस, आठवतं? माझा मुलगा, तुझा नवरा, कामावरून परतताना रस्त्यातच कोसळला, त्यानंतरचे ते दिवस. मी दिवसभर भिंतीकडे बघत बसायचो. तू दवाखान्यातून थकून यायचीस, चपला काढता काढता विचारायचीस, "बाबा, आज काय काय झालं?" मी म्हणायचो, काही नाही. "काही नाही कसं? मग हा पाव चालत आला का घरात?" मग मी नाइलाजाने सांगायचो की पाववाल्याने दार वाजवलं, मी उठलो नाही, तर त्याने पिशवी कडीला अडकवली. तू म्हणायचीस, "बघा, म्हणजे पाववाला झाला." तुझं दुःख माझ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हतं, आणि तू मला पाववाला मोजायला शिकवत होतीस. त्या पाववाल्याच्या पिशवीला धरूनच मी उभा राहिलो, असं आज वाटतं.

पण मला ही सवय इतक्या लवकर का जडली, ते तुला कधी सांगितलं नाही. छापखान्यात आमचं निम्मं काम हेच होतं, ज्याचं त्याला परत करायचं. लोकांना वाटतं, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून पान तयार केलं की संपलं. छे! पान छापून झालं की त्याची शाई पुसायची, भोवतीची दोरी सोडायची आणि एकेक अक्षर उचलून त्याच्या त्याच्या खणात परत ठेवायचं. संध्याकाळी आम्ही सगळे ओळीने उभे राहून तेवढंच करायचो. बोटं चालत असायची, खिळे खणात पडताना हलका पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा, आणि मी मनातल्या मनात शाळेतल्या कविता म्हणायचो. आमच्या वर्गात बाई छडी टेबलावर ठेवून डोळे मिटायच्या आणि आम्ही सगळे एका सुरात सुटायचो. अर्थ कोणाला कळत होता देव जाणे, पण खिडकीबाहेरचं झाडसुद्धा त्या तालावर डुलत आहे असं वाटायचं. दुसऱ्या कडव्याशी मी हमखास अडायचो. तुझा नवराही लहानपणी तिथेच अडायचा. तेवढा एक वारसा मी त्याला बिनचूक दिला.

एकदा शाळेच्या पुस्तकाचं काम आलं होतं आणि त्यातलं एक कवितेचं पान मी जुळवलं. अशा सुबक ओळी माझ्या हातून पुन्हा कधी उतरल्या नाहीत. छपाई झाली, पण ते पान सोडवायला माझा हात होईना. दोरीसकट उचललं आणि बाकाखालच्या फळीवर ठेवून दिलं. रोज येता-जाता वाकून बघायचो. मग एका सकाळी नव्या पुस्तकाचं काम अर्ध्यात अडलं, कारण खणातले 'ळ'चे खिळे संपले. शोधाशोध झाली आणि आमच्या वस्तादांनी माझ्या बाकाखालून ते पान ओढून काढलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ते पान नीट वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कविराज, झकास जमलंय. पण तुमच्या प्रेमापायी बाकीचं पुस्तक उपाशी बसलंय." मी दोरी सोडली. डोळे भरून आले होते, आणि सगळा छापखाना हसत होता. वस्ताद मात्र हसले नाहीत. हळूच म्हणाले, "पानातून निघालं म्हणून अक्षर छापखान्यातून जातं का रे?"

आता जरा अवघड भाग. तुझ्या मैत्रिणीचे भाऊ, भूगोलाचे ते उंच मास्तर, तू जायच्या आधी खिडकीची कडी बसवून द्यायला आले होते. मी त्यांच्या चहात चुकून साखरेऐवजी मीठ घातलं होतं. तो त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, "छान झालाय" म्हणाले आणि दोनदा पाणी मागितलं. त्याच दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली. त्यांचा कोट पावसाने भिजलेला होता. दारामागच्या खुंटीकडे त्यांचा हात गेला, तिथे आपण ठेवलेला माझ्या मुलाचा करडा कोट दिसला आणि हात मागे आला. ओला कोट मांडीवर घेऊन तो माणूस सबंध वेळ बसून राहिला. निघताना तू त्यांना सोडायला जिन्यात गेलीस. दार लोटलेलं होतं, आणि कान माझे अजून शाबूत आहेत. "बाबांना एकटं टाकून मी कशी येऊ?" असं तू म्हणालीस. मास्तर "बरं" म्हणाले. मग त्यांची पावलं फार सावकाश खाली गेली. तू आत आलीस आणि कितीतरी वेळ ती नवी कडी पुसत राहिलीस.

तेव्हापासून संध्याकाळी टेबलाशी बसलो की सगळ्यांचं ज्याचं त्याला पोचतं होतं, आणि एक तूच माझ्या हातात उरतेस. तुझं मी काय काय मोजणार? माझी औषधं, माझा चष्मा, माझा चिडखोरपणा, माझ्या त्याच त्या कविता ऐकताना तुझं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं मान डोलावणं. रोज तुझे आभार मानतो आणि रोज दोरी थोडी घट्ट करतो, हे या आठवड्यात रिकाम्या घरात बसल्यावर दिसलं. ज्याचे आभार मानायचे त्यालाच बांधून ठेवायचं, हे कसले आभार? भीती वाटते, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी "बाबा, आज काय काय झालं?" विचारणारं कोणी नसेल, याची. पण मला आता माझं मला विचारता येतं. ते तूच शिकवलंस. आणि मास्तरांचं घर काही समुद्रापलीकडे नाही. अडलो तर ढोलकाकू छतावरून ठोकून विचारतीलच.

म्हणून हे पत्र. तुला मुलगी मानतो वगैरे मी म्हणणार नाही. सून हा शब्द मला पुरून उरला आहे आणि तो तू कुठेही गेलीस तरी माझ्या खणातून हलणार नाही. आज दुपारी त्याचा कोट काढला. ब्रश फिरवला, तू रविवारी फिरवतेस तसाच, खालून वर. घडी घालून माझ्या कपाटात, माझ्या कपड्यांशेजारी ठेवला आहे. मग कोपऱ्यावर जाऊन मास्तरांना फोन केला. हवापाण्यावर बरंच बोललो. शेवटी एकदाचं म्हटलं की तू परत आलीस की रविवारी चहाला या. त्यांनी एवढंच विचारलं, "तिला चालेल का?" मी सांगितलं, तिला विचारून कळवतो. तर आता विचारतो आहे. तुझं उत्तर तुझं राहू दे, माझ्याकडे बघून देऊ नकोस. साखर या खेपेला चाखून घालेन. आणि दारामागची खुंटी रिकामी आहे.

तुझाच,
यापुढेही,
बाबा