गालिच्यावर वूफर

१२ डिसेंबर
आज परत तेच! श्रेयाला मागून पाच हाका मारल्या. नाय वळली. दहा महिन्यांची पोर, खेळात असते, कशाला वळेल? पण स्नेहल लगेच, "पुण्याला कान दाखवू या ना." लई चिडलो. आई असून लेकीत खोट काढते! गाण्याचा बास घुमवणारा नवा वूफर लावला. पहिल्या ठोक्याला श्रेया फरशीवर बसल्या बसल्या डुलायला लागली, खिदळली. म्हटलं, बघ! बहिरी पोर गाण्यावर डुलते व्हय?

मनातून मीपण टरकलोय. हे तिला सांगणार नाय.

१६ डिसेंबर
थंडी वाढली. आईचा धोशा — "पोर गारठंल, खाली कायतरी टाका." जुन्नरहून हॉलभर गालिचा आणला, वूफर त्यावरच ठेवला. आवाज पार गोधडीत गुंडाळल्यासारखा! श्रेयानं तिकडं बघितलंसुद्धा नाय. गालिच्यानं बास खाल्ला, दुसरं काय!

१७ डिसेंबर
गालिचाच असणार. गालिचाच.

२० डिसेंबर
ज्याच्याकडून वूफर घेतला त्या तालिबभाईला फोन केला. "भाऊ, गालिच्यावर नुसता ठिवू नका. खाली कडप्प्याची लादी, लादीखाली जाड रबर. कोपऱ्यातनं जरा पुढं ओढा. मग बघा!"

सगळं केलं. काय आवाज, राव! एकेक ठोका सुटा. शोकेसची काच वाजायची तीपण बंद. आई कानावर हात ठेवून, "आरं, बंद कर ते!"

श्रेया पाठ करून चमचा चोखत होती. आवाज वाढवला. चमचाच चोखत होती. मी गाणंच बंद केलं.

२१ डिसेंबर
स्नेहल आणि आई नारायणगावला बाजाराला गेल्या. घरात आम्ही दोघंच. गालिचा गुंडाळला. वूफर फरशीवर, श्रेया फरशीवर — हसली! गाणं चालू ठेवूनच तिला कडेवर घेतलं. हसू गेलं. खाली ठेवली. हसली. तीनदा केलं. चौथ्यांदा धीर झाला नाय.

ठोका फरशीतून तिच्या अंगात जात होता. कानातून काहीच नाय. आणि मी येडा, बायकोला "बघ, बघ" म्हणत होतो!

२२ डिसेंबर
स्नेहलला सगळं सांगितलं. रडली नाय. कपाटातून चिठ्ठी काढली — पुण्याच्या कानाच्या डॉक्टरची, परवाची तारीख.

"महिना झाला नंबर लावून. तुमी नाय म्हणला असता, तरी एकटी घिऊन जाणार व्हते."